ज्यांना उपवास लागू नाही

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, चर्चच्या आवारातच असलेल्या मराठी माध्यमाच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग शिकवते. बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६. आज राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. शाळेला सुट्टी नाही. नेहमीचाच दिवस आहे, फक्त आज त्याच्या प्रत्येक तासाला एक प्रश्न चिकटलेला आहे.

पहाटे ५.००

वाडीतला दिवा केव्हाच लागलेला आहे. सासूबाई तगरीच्या कळ्या खुडतायत. मोगऱ्याला नुकत्या कुठे कळ्या धरू लागल्यात, त्या वेगळ्या फडक्यात. साडेपाचला टेंपो येतो, तिथून स्टेशन आणि मग दादरचा फूलबाजार. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या याच वाटेने वाहून मुलांची शिक्षणं केली आहेत.

फुलं रोजच्याइतकीच खुडली जातायत, पण त्यातलं एकही आज चर्चला जाणार नाही. उपवासकाळात वेदीवर फुलांची सजावट करायची नाही, असा नियम आहे. एरवी शनिवारी संध्याकाळी घराघरातून चर्चकडे परड्या निघतात. कुणाची सोनचाफ्याची, कुणाची जास्वंदीची. ज्या गावाचा संसारच फुलांवर चालतो, त्या गावाला वेदी रिकामी ठेवणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सासूबाई टेंपोत पाटी चढवतात आणि तोंड धुवायला वळतात. चर्चमधली साडेसहाची मिस्सा चुकवायची नाही.

सकाळी ६.३०

आज जांभळा रंग. फादरांचा झगा जांभळा, वेदीवरचं वस्त्र जांभळं. ईस्टरपर्यंत आल्लेलुया म्हणायचा नाही.

राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या माडाच्या झावळ्या आम्ही घरी नेतो, क्रूसामागे खोचून ठेवतो. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. गेल्या आठवड्यात शाळेच्या मुलांनी त्या घरोघरून गोळा करून आणल्या, फादरांनी चर्चच्या मागच्या अंगणात जाळल्या आणि शाळेच्या शिपाईमामांनी राख बारीक चाळणीने चाळून दिली. आपण आणलेली झावळी नेमकी कुठली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आजचं शुभवर्तमान मत्तयचं आहे, सहाव्या अध्यायातलं. दान, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी करायच्या, पण लोकांना दिसाव्यात म्हणून करायच्या नाहीत. दान करताना गाजावाजा नको, प्रार्थना दार लावून, आणि उपवास करताना चेहरा स्वच्छ धुतलेला असू दे. हे ऐकून आम्ही रांगेत उभे राहतो आणि कपाळावर राख लावून घेतो. ही विसंगती दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मुलाच्या लक्षात येतेच. मी तिची वाट पाहते.

सकाळी ८.१५

मोठ्यांची मिस्सा संपली, आता शाळेची वेळ. पूर्वी आमची शाळा सातला भरायची आणि या दिवशी फार धावपळ व्हायची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला, त्यामुळे आता नऊच्या आधी हा एवढा वेळ मिळतो.

आमच्या पटावरची जवळजवळ निम्मी मुलं कॅथलिक आहेत. त्यांची घरं आसपासच्या आळ्यांमध्ये. घरी कादोडी, वाडवळी नाहीतर कोळी बोली, आणि शाळेत आल्यावर पुस्तकातली मराठी. बाकीची मुलं हिंदू, मुसलमान, काही बौद्ध. त्यातली बरीचशी नालासोपाऱ्याच्या चाळींमधून रिक्षाने येतात. त्यांच्या पालकांनी ही शाळा निवडली ती धर्मासाठी नव्हे. फी परवडते, सिस्टर मुलांवर लक्ष ठेवतात आणि मूल मराठीत शिकतं, म्हणून.

कॅथलिक मुलं चर्चमध्ये रांगेने जातात. बाकीच्यांना दुसरीच्या बाई सभागृहात गोष्ट सांगायला घेऊन बसतात. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत सामील करता येत नाही. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर हा अनुच्छेद नवीन शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगतात. शाळा आपली आहे म्हणून मूल आपलं होत नाही, ते त्याच्या आईबापांचं आहे आणि आपल्यावर विश्वास ठेवून पाठवलेलं आहे, असं त्या म्हणतात.

आज दाराशी माझ्या वर्गातला एक मुलगा थांबला. त्याचा बाकावरचा जोडीदार राख लावून बाहेर आला होता.

“टीचर, मला पण लावा ना.”

चर्चच्या नियमात याला आडकाठी नाही. राख हा संस्कार नाही, ते एक चिन्ह आहे आणि कुणालाही लावता येतं. पण निर्णय माझा नाही.

“घरी आईबाबांना विचार. ते हो म्हणाले तर संध्याकाळी साडेसहाला पुन्हा मिस्सा आहे, त्यांच्यासोबत ये.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही. तुझी आणि त्याची दोस्ती राखेवर थोडीच अवलंबून आहे?”

तो पटकन “नाही” म्हणाला आणि मित्राचा हात धरून पळाला.

सकाळी ९.००

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. आमच्या शाळेची प्रार्थना सगळ्यांना म्हणता येईल अशी आहे. देवाचं नाव त्यात आहे, पण कुठल्या एका धर्माचं नाही. आज पुढे उभं राहण्याची पाळी तिसरीची. दिनविशेष एका मुलीने वाचला: १८३६ मध्ये याच तारखेला रामकृष्ण परमहंसांचा जन्म, १८२३ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचा.

मुलांच्या रांगांकडे पाहिलं. काही कपाळांवर राख, काहींवर टिकली, काहींवर गंध, काही मोकळी. एरवी हे मिसळलेलं असतं, डोळ्यांत भरत नाही. आज फरक स्पष्ट दिसतो. शाळेचं काम तो फरक पुसण्याचं नाही. तो पाहायला मुलांना घाबरू न देण्याचं आहे.

सकाळी ९.३०

उद्या शिवजयंती, म्हणून आज ‘शिवछत्रपती’ या पुस्तकाची उजळणी. चौथीच्या मुलांचं हे सगळ्यात आवडतं पुस्तक. अफजलखान, आग्रा, तानाजी, कुठलंही पान काढा, गोष्ट पाठ. उद्याच्या पोवाड्यात डफ घेऊन उभा राहणारा मुलगा अर्नाळ्याच्या कोळी घरातला आहे, आणि त्याच्या कपाळावर आत्ता राख आहे. त्याला यात वेगळं काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

पुस्तकाच्या पुढचं थोडं मी जोडते, कारण ते आमच्या गावाचं आहे. शिवरायांच्या नंतर, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. लढाई फार मोठी झाली. विजयानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला, एक भीमाशंकरला.

वर्ग शांत झाला. मग एकाने विचारलं, “टीचर, आपण त्या परत मागायच्या का?”

मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला: “कशाला? वाजतायत ना तिथे? देवासाठीच वाजतायत ना?”

या वाक्याला मी काही जोडलं नाही. उद्याच्या पोवाड्याची तालीम सुरू झाली.

सकाळी १०.३०

हा तास एरवी दोन भागांत होतो. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा, बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा. राखेच्या बुधवारी आम्ही सगळ्यांना एकत्र बसवतो आणि फक्त बोलतो. कुणाला काही पाठ करायचं नाही.

फळ्यावर मी एकच शब्द लिहिला: उपवास. आणि विचारलं, तुमच्या घरी गेल्या आठवड्यात कुणी उपवास केला?

हात वर झाले. रविवारीच महाशिवरात्र झाली. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वरीचे तांदूळ. एकीची आजी काहीच खात नाही, फक्त पाणी. एक मुलगा म्हणाला, आज चंद्र दिसला तर उद्यापासून आमचे रोजे. त्याची अम्मी पहाटे उठून सगळ्यांना जेवायला घालते, मग सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. वर्गात एकदम कुजबुज झाली. पाणीसुद्धा नाही? या उन्हात? त्याची मान ताठ झाली. दुसरा म्हणाला, आमच्याकडे पप्पा पावसाळ्यात वर्षावासात दर पौर्णिमेला उपवास धरतात. मग कॅथलिक मुलांची पाळी आली आणि ती थोडी गडबडली. आमच्यात आज एकदाच पोटभर जेवायचं असतं, एक मुलगी म्हणाली, आणि मटण-चिकन नाही.

“मासे चालतात?”

“चालतात.”

“मग काय उपवास?” कोळ्याचाच मुलगा म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

प्रश्न मात्र खरा होता, म्हणून मी तो फळ्यावर लिहिला. जिथे मासळी रोजचीच, तिथे मांस सोडून मासे खाल्ले तर नेमकं काय सोडलं? जो मुळातच शाकाहारी, त्याने काय सोडायचं? मुलांना वाटतं मोठी माणसं यावर विचार करत नाहीत. चर्चने केलेला आहे. १९८३ च्या कायदेसंहितेत असं म्हटलंय की उपवासाचं बंधन अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना आहे, मांस वर्ज्य करण्याचं चौदा पूर्ण झालेल्यांना. म्हणजे या शाळेतल्या एकाही मुलाला आजचा नियम लागू नाही. पण त्याच कलमात पुढे धर्मगुरूंवर आणि आईवडिलांवर एक काम टाकलंय: वयामुळे ज्यांना हे बंधन नाही, त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवा.

माझ्या कामाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. ज्यांना उपवास लागू नाही, त्यांना उपवास कशासाठी ते सांगायचं. धाक घालता येत नाही, कारण नियमच नाही. गुण देता येत नाहीत, कारण परीक्षाच नाही. उरतो तो फक्त अर्थ.

आणि मग ज्याची मी वाट पाहत होते तो प्रश्न आला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारला. “टीचर, फादरांनी वाचलं की उपवास करताना चेहरा धुवा, कुणाला कळू देऊ नका. मग आपण राख का लावतो? ती तर सगळ्यांना कळते.”

“तुला तुझी राख दिसतेय का?” मी विचारलं.

तिने कपाळाला हात लावला. “नाही.”

“मग कुणाची दिसतेय?”

तिने बाजूला पाहिलं. “हिची.”

“तुझी तू स्वतः लावलीस?”

“नाही. फादरांनी लावली.”

“फादरांना कुणी लावली?”

हे तिने पाहिलेलं होतं: दुसऱ्या फादरांनी. आमच्याकडे ही राख कुणी स्वतःच्या हाताने स्वतःला लावून घेत नाही. सिस्टरांना जी लागते तीच मामांना. राख लावलेला माणूस ‘मी चांगला आहे’ असं सांगत नाही, ‘मलाही सुधारायचंय’ असं सांगतो. आणि आपल्याला आपली दिसत नाही, शेजारच्याची दिसते. म्हणजे तोही आपल्यासारखाच आहे, हे दिवसभर डोळ्यांसमोर राहतं. दाखवण्यासाठी केलेलं काम आणि हे, यांत फरक आहे. तिला किती कळलं मला माहीत नाही. तिने मान डोलावली आणि पुन्हा एकदा शेजारणीच्या कपाळाकडे पाहिलं.

सकाळी ११.३०

गणित. पुस्तक बाजूला, भिंतीवरचं कालनिर्णय खाली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत सगळ्या धर्मांचे सण असतात, म्हणून चाळीस घरांतल्या मुलांचं गणित एकाच कागदावर मांडता येतं.

प्रश्न: उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात. खरोखर चाळीस आहेत का? मोजा.

फेब्रुवारीतले अठरा ते अठ्ठावीस, अकरा. मार्चचे एकतीस. ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून एप्रिलचे चार. बेरीज शेहेचाळीस. “टीचर, सहा जास्त झाले!” एक गट ओरडला. मग रविवार मोजायला सांगितले. २२ फेब्रुवारी, मार्चचे १, ८, १५, २२, २९. सहा. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. शेहेचाळीस वजा सहा. वजाबाकी बरोबर आल्याचा असा आनंद पुस्तकातल्या उदाहरणांनी कधी होत नाही.

मग त्या शेहेचाळीस दिवसांत आणखी काय काय येतं ते शोधायला लावलं. उद्या शिवजयंती. मार्चच्या सुरुवातीला होळी. १९ मार्चला गुढीपाडवा, आणि त्याच दिवशी संत जोसेफचा सण. या मोठ्या सणाला उपवासकाळातही वेदीवर फुलं चालतात, म्हणजे यंदा पाडव्याला दारातही फूल आणि चर्चमध्येही फूल. पाडव्याच्या पाठोपाठ, चंद्र दिसेल तशी, रमजान ईद. २६ ला रामनवमी. २९ ला झावळ्यांचा रविवार. ३१ ला महावीर जयंती. २ एप्रिलला हनुमान जयंती आणि आमचा आज्ञा गुरुवार एकाच चौकोनात. दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार.

“दोन सण एका दिवशी कसे?” विचारणाऱ्याला मी चंद्र दाखवला. छापील, चौकोनातला. हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेला. आणि ईस्टर? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. मुलांनी बोट फिरवलं: पौर्णिमा २ एप्रिल, पुढचा रविवार ५ एप्रिल. बरोबर. रोजे ठेवणाऱ्या घरातला मुलगा म्हणाला, “म्हणजे सगळे चंद्रच बघतात.”

खरं आहे. सर्वधर्मसमभावाचे तक्ते आम्ही भिंतीवर लावतो, ते लावायलाही हवेत. पण आपल्या मित्राचा सण आपल्या सणापासून किती दिवसांवर आहे हे एकदा स्वतः मोजलेलं मूल ते विसरत नाही.

दुपारी १२.३०

पोषण आहार. मावशींनी आज मटकी घालून खिचडी केली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यासोबत डाळ, भाजी, तेल. ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हे शासनाचं प्रमाण. कागदावर हे आकडे रुक्ष वाटतात. ताट घेऊन दोनदा रांगेत येणाऱ्या मुलाकडे पाहिलं की वाटत नाहीत.

मोठ्या घरांतून आलेली मुलं डबे आणतात आणि खिचडी चाखण्यापुरती घेतात. काही मुलांचं मात्र दिवसातलं पहिलं पोटभर जेवण हेच असतं. कोण ती, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. सोमवारी ती जास्त खातात.

इथे मला दर वर्षी थांबावं लागतं. आत्ताच तासभर आपण ‘काय सोडणार’ यावर बोललो. सोडण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं. ज्याच्या घरी संध्याकाळी काय शिजेल हे आईला किती वाजेपर्यंत काम मिळालं यावर ठरतं, त्याला मी उपवासाचं महत्त्व कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून आमच्या शाळेत एक नियम आहे: मुलाला ‘खाऊ नकोस’ असं कुणीही म्हणायचं नाही. मीही आज एकदाच जेवणार आहे, पण ते मुलांसमोर बोलायचं नाही. पंगतीत बसायचं, वाढायचं.

येत्या शुक्रवारी मिस्सेत यशया संदेष्ट्याचं वाचन आहे, अठ्ठावन्नाव्या अध्यायातलं. देवाला हवा तो उपवास मान खाली घालून बसण्याचा नाही. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देण्याचा, जाचात सापडलेल्याला मोकळं करण्याचा आहे, असा त्याचा आशय. माझ्या अडचणीचं उत्तर त्यात आहे. उपवासाची सुरुवात माझ्या पोटापासून नाही, शेजाऱ्याच्या ताटापासून होते.

दुपारी १.१५

मराठीचा तास, लेखन. विषय: ‘येत्या चाळीस दिवसांत मी’. सक्ती नाही, ज्याला नको त्याने शिवजयंतीवर लिहावं. सगळ्यांनी पहिलाच घेतला.

अपेक्षित तेही आलं. चॉकलेट सोडणार. मोबाइलवर गेम खेळणार नाही. आईला उलट बोलणार नाही. एकाने लिहिलं, मी बहिणीला मारणार नाही, तिने आधी मारलं तरी. त्याखाली थोडी जागा सोडून: ‘बहुतेक’. रोजे ठेवणाऱ्या घरातल्या मुलाने लिहिलं की तो अम्मीसाठी इफ्तारच्या वेळी खजूर काढून ठेवणार.

एका मुलीने एकच ओळ लिहिली: माझ्याकडे सोडण्यासारखं काही नाही.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची आई वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करते, वडील गावी. खोटं काही तिने लिहिलेलं नव्हतं.

“मग सोडू नकोस,” मी म्हटलं. “द्यायचं काही आहे का ते बघ.”

तिने विचार केला. “दुसरीतल्या त्या नवीन मुलीला मराठी येत नाही. डब्याच्या सुट्टीत ती एकटीच बसते. मी तिच्याशी हिंदीत बोलू शकते.”

तिने आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली ही दुसरी लिहिली, आणि मी दोन्ही ओळी तशाच ठेवल्या.

दर वर्षी आम्ही प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवतो. खाऊचे वाचवलेले पैसे त्यात. ती कुणी किती टाकलं हे न मोजता उपवासकाळाच्या शेवटी धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे जाते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केलेलं हे काम आज आमच्या गावातही चालतं: घरोघर जाऊन पाहायचं आणि गरज असेल तिथे गाजावाजा न करता पोहोचवायचं, मग ते घर कुठल्याही धर्माचं असो. यंदा त्या पेटीशेजारी दुसरी पेटी ठेवायची मी ठरवलं. तिच्यात पैशांऐवजी चिठ्ठ्या: आज मी कुणाला काय दिलं. वेळ, मदत, सोबत. नाव लिहायचं नाही.

दुपारी २.३०

शाळा सुटली. फाटकाशी रिक्षा, सायकली, आज्या. कपाळावरची राख घामाने पुसून गेलीय, कुणाच्या बाहीला लागलीय.

शिक्षकखोलीत उद्याच्या कार्यक्रमाची यादी, मग २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाची. मी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर पाच मिनिटं बोलावं असं ठरलं. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेला तो ग्रंथ, इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने मराठीत ओव्यांमधून लिहिलेला. पूर्वी तो चर्चमध्ये भाविकांसमोर वाचला, गायला जात असे. मराठीत प्रार्थना करणाऱ्या आम्हा लोकांची मुळं इतकी जुनी आहेत. आमच्या शेजारच्या वाडीतली मुलं मात्र आता इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतात, आणि आमचा पट दर जूनला थोडा आणखी खाली येतो. मी त्या आईबापांना दोष देत नाही. पण मुलाला आजीच्या भाषेत प्रश्न विचारता येणं, ‘मग काय उपवास?’ असं बिनधास्त म्हणता येणं, याची किंमत कुठल्याही फी-पत्रकात लिहिलेली नसते. ती शाळेनेच बोलून दाखवायला हवी.

दुपारी ४.००

सिस्टर आणि मी एका घरी जाऊन आलो. मुलगा काही दिवस शाळेत नव्हता. दहा बाय दहाची खोली, धाकट्या बहिणीला ताप, आई कामावर, म्हणून घरी राहणारा मोठा माणूस हाच, नऊ वर्षांचा. सिस्टरांनी शेजारच्या मावशींशी बोलून बहिणीला दवाखान्यात न्यायची सोय केली. मी त्याला गणिताचं पान दाखवलं: शेहेचाळीस वजा सहा. त्याने लगेच सांगितलं आणि विचारलं, “उद्या पोवाडा आहे ना? मी येईन.” उपवासकाळात काय करावं यावर फादर प्रवचन देतात. या मुलाला ते ऐकण्याची गरज नाही, तो तेच करतोय.

रात्री ८.००

संध्याकाळची मिस्सा झाली. कारखान्यातून, लोकलमधून उतरून थेट आलेले आईबाप रांगेत होते. सकाळी दाराशी थांबलेला मुलगा आला नाही. उद्या तो आणि त्याचा मित्र एकाच पोवाड्यात आहेत.

आता पालकांच्या गटावर पाठवायची चिठ्ठी लिहितेय.

‘पालकांनो, नमस्कार. आजपासून कॅथलिक कुटुंबांचा उपवासकाळ सुरू झाला आहे, रमजानही येत आहे. लहान मुलांना उपाशी ठेवू नका, डबा नेहमीसारखाच द्या. मुलांनी स्वतःहून काही सोडायचं ठरवलं असेल तर त्यांचं कौतुक चारचौघांत करू नका, घरातच करा. वाचलेले पैसे पेटीत टाकायचे की नाही हे मुलाला ठरवू द्या, आणि अडचण असेल तर मुळीच टाकू नका. वर्गात दुसरीही एक पेटी आहे, तिला पैसे लागत नाहीत. आपल्या मुलाने आज कुणासाठी काय केलं, एवढं मात्र रोज जेवताना विचारा. सगळ्या धर्मांच्या पालकांना ही विनंती आहे.’

लगेच एका आईचं उत्तर आलं: आम्ही हिंदू आहोत, आमच्या मुलाने हे करायलाच हवं का? मी लिहिलं: ताई, हे कुणीच करायलाच हवं असं नाही. आमच्या मुलांनाही हा उपवास अजून लागू नाही.

थोड्या वेळाने तिने लिहिलं: मग विचारते त्याला.

माझ्या वर्गातली ही मुलं काही वर्षांत चौदा पूर्ण करतील, मग अठरा. त्यातल्या काहींना चर्चचा नियम लागू होईल, काहींना रोजे, काहींना एकादशी, काहींना यातलं काहीच नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे. शेजारी बसलेल्याला भूक लागली असेल तर ती पाहायची जबाबदारी मात्र कुठल्याही वयाची वाट पाहत नाही. ती पहिलीतल्या मुलालाही आहे, आणि ती शिकवण्यासाठीच आम्ही उद्या सकाळी पुन्हा शाळा उघडणार आहोत.